छोट्या शहरातील बेसबॉल संघाने पिचिंगचा ताफा नव्याने कसा उभारावा

प्रश्न असा आहे: शहर लहान, टीव्ही हक्कांचे उत्पन्न तुटपुंजे आणि त्यामुळे खेळाडूंच्या पगाराला पैसा कमी, अशा मेजर लीग बेसबॉल संघाचे पिचिंग (बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्या पिचरांची फळी) कोसळले, तर त्याने ते पुन्हा कसे उभे करावे आणि या कामाला किती काळ द्यावा? प्रश्नकर्ते पिट्सबर्गला राहतात आणि त्यांच्या मनात पायरेट्स संघ आहे. मीही उत्तरासाठी मुख्यतः हाच संघ घेतो, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत पायरेट्सनी हे काम उत्तम रीतीने करून दाखवले आणि नंतर तेच हातचे घालवले. अमेरिकेत मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीगच्या) पातळीवर पिचरांच्या प्रशिक्षणाचे आणि चेंडूच्या मोजमापाचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवातून माझे ठाम मत असे बनले आहे की, छोट्या संघाने तयार पिचर विकत घेण्याच्या फंदात पडू नये. ज्याच्यातला दोष आपल्याला नेमका दिसतो आणि दुरुस्त करता येतो, असा पिचर शोधावा. मात्र दोष दुरुस्त करणारी माणसे आणि त्यांचे ज्ञान जुने होऊ लागले की हा मार्गही बंद होतो, आणि पिट्सबर्गमध्ये नेमके तेच झाले.

आधी पैशाचा हिशेब पाहू. मेजर लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नाही; ठरावीक रकमेच्या पुढे कर भरावा लागतो, इतकेच. गेरिट कोल या पिचरला न्यूयॉर्क यांकीजनी डिसेंबर 2019 मध्ये नऊ वर्षांसाठी 32 कोटी 40 लाख डॉलर देऊ केले. पिट्सबर्गसारख्या संघाने एका खांद्यावर आणि एका कोपरावर इतकी रक्कम लावली आणि तो कोपर गेला, तर संघ दहा वर्षे वर येणार नाही. छोट्या संघाला आधार आहे तो दुसऱ्या एका नियमाचा. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात राहतो. पहिली साधारण तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो (2025 मध्ये ही रक्कम 7 लाख 60 हजार डॉलर होती) आणि पुढची तीन वर्षे त्याचा पगार लवादाच्या पद्धतीने वाढत जातो. म्हणजे आपण घडवलेला पिचर सहा वर्षे परवडतो. याखेरीज परवडतो तो इतरांनी नाद सोडलेला पिचर. छोट्या संघाला खेळायला मैदान आहे ते एवढेच.

दुसरा हिशेब इनिंगचा (समोरच्या संघाचे तीन बॅटर बाद होईपर्यंतच्या खेळाचा) आहे, आणि तो चाहतेच काय, कित्येकदा संघमालकही करत नाहीत. मोसमात 162 सामने, प्रत्येकी नऊ इनिंग, म्हणजे सुमारे 1,458 इनिंग कोणीतरी टाकायच्या असतात. पाच स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) धडधाकट राहिले आणि प्रत्येकाने 160 इनिंग टाकल्या, तरी होतात 800. उरलेल्या साडेसहाशेहून अधिक इनिंग कोण टाकणार? शिवाय पाचांपैकी दोघे जूनमध्ये जायबंदी झाले, तर त्यांच्या जागी कोण येणार? पाच नावांची यादी जुळली म्हणजे पुनर्बांधणी झाली, असे समजणारा संघ ऑगस्टमध्ये उघडा पडतो. म्हणून मी नेहमी सहाव्या ते बाराव्या पिचरपासून विचार सुरू करतो.

आता पायरेट्सकडे वळू. 1993 ते 2012 अशी सलग वीस वर्षे हा संघ निम्म्याहून अधिक सामने हरत होता. 2013 मध्ये त्याने 94 सामने जिंकले, 2015 मध्ये 98. या चढणीचा पाया होता दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या पिचरांचा. ए. जे. बर्नेट 2011 मध्ये यांकीजकडे 5.15 च्या ईआरएने, म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी पाचाहून अधिक धावा देत खेळला होता. यांकीजनी त्याच्या उरलेल्या पगाराचा मोठा भाग स्वतः भरून त्याला पिट्सबर्गला धाडले, आणि तिथे पुढच्याच मोसमात तो 3.51 वर आला. एडिन्सन वोल्केझ 2013 मध्ये 5.71 वर होता. 2014 मध्ये पायरेट्ससाठी 3.04. जे. ए. हॅप 2015 च्या जुलैअखेर सिअ‍ॅटलहून आला तेव्हा त्याच्याकडे कोणाचे विशेष लक्षही नव्हते. त्याने 11 सामने सुरू केले, त्यांत त्याचा ईआरए 1.85 होता.

या सर्वांत फ्रान्सिस्को लिरियानोचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. 2012 मध्ये मिनेसोटा आणि शिकागो या दोन संघांकडून खेळताना त्याचा ईआरए 5.34 होता. हा डावखुरा पिचर स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन वैध किंवा हुकलेल्या चेंडूंवर बाद करणे) भरपूर करायचा, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून बॅटरना पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळे. पायरेट्सनी त्याच्याशी दोन वर्षांचा करार ठरवला आणि ऐन नाताळात त्याचा उजवा हात मोडला. संघाने करार रद्द केला नाही. हमीची रक्कम कमी आणि खेळेल तसे पैसे, असा तो नव्याने लिहून घेतला. 2013 मध्ये लिरियानोने 16 सामने जिंकले, 3.02 च्या ईआरएने. 1 ऑक्टोबर 2013 रोजी सिनसिनाटीविरुद्धच्या वाइल्ड कार्ड या बाद फेरीच्या सामन्यात त्याने सात इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि पायरेट्स 6-2 ने जिंकले.

लिरियानोमध्ये नेमके काय बदलले, हे समजून घेतले पाहिजे, कारण ‘प्रशिक्षक रे सेरेज यांचा जादूचा हात’ एवढे म्हणून भागत नाही. त्याचा स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) मुळातच उत्तम होता, म्हणजे शस्त्र त्याच्याजवळ होतेच. पायरेट्सनी त्याला प्लेटच्या (बॅटरजवळच्या जमिनीवरील पाटीच्या) कडा कोरत बसण्यापासून परावृत्त केले आणि फास्टबॉल खाली व आत टाकायला लावला, जेणेकरून बॅटरने मारलेच, तर चेंडू जमिनीलगत जावा. जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूवर होमरन (कुंपणापलीकडे जाणारा, षटकारासारखा फटका) होत नाही. आणि तो जिथे जाण्याची शक्यता जास्त, तिथेच आपले इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) उभे असले, तर तो बाद होतो. पायरेट्स त्या काळी आकडेवारी पाहून इनफिल्डर सरकवण्यात बऱ्याच संघांच्या पुढे होते, आणि 2013 मध्ये असे जमिनीलगतचे फटके मारायला लावण्यात ते सर्व संघांत पहिले होते. त्यात भर पडली कॅचरची, म्हणजे यष्टिरक्षकासारखा पिचरचा चेंडू झेलणाऱ्याची. रसेल मार्टिनला त्यांनी दोन वर्षांसाठी 1 कोटी 70 लाख डॉलर देऊन आणले. पिट्सबर्गच्या मानाने ही रक्कम मोठी होती, पण मार्टिन कडेवरचा चेंडू इतक्या शांत हाताने झेलायचा की पंच स्ट्राइक देत. एका पिचरला सुधारले तर एक पिचर सुधारतो, कॅचर चांगला आणला तर बाराच्या बारा सुधारतात. आणि मैदानही विसरू नये. पीएनसी पार्कमध्ये डाव्या बाजूच्या मध्याला कुंपण 410 फुटांवर आहे, त्यामुळे उजव्या बॅटरचे उंच फटके तिथे झेलात संपतात. लिरियानो आणि हॅप दोघेही डावखुरे, म्हणजे त्यांच्यासमोर उजवे बॅटर अधिक येणार. ज्या संघाला आपले मैदान ओळखता येते, त्याला बाजारातले कोणते पिचर आपल्याकडेच अधिक मोलाचे ठरतील, हे इतरांच्या आधी कळते.

मग हे सारे बिघडले कसे? बॅटर शिकले. खाली पडणारा सिंकर उचलून मारण्यासाठी त्यांनी बॅट फिरवण्याची दिशा वर वळवली. 2015 पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट या यंत्रणेची मोजणी सुरू झाली, फटक्याचा कोन आणि वेग प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आला, आणि 2017 मध्ये संपूर्ण लीगमध्ये 6,105 होमरन झाले. तोवरचा तो उच्चांक होता. ज्या खालच्या चेंडूवर पायरेट्सचे घर उभे होते, तोच आता बॅटरना हवासा वाटू लागला. इतर संघांनी याला दुसरे उत्तर शोधले: फोर-सीम फास्टबॉल, भरपूर उलट्या गिरकीचा, थेट स्ट्राइक झोनच्या (ज्या चौकटीतला चेंडू स्ट्राइक ठरतो तिच्या) वरच्या कडेवर. वर वळलेली बॅट त्या चेंडूच्या खालून निघून जाते. पायरेट्स मात्र जुन्याच पद्धतीला चिकटून राहिले.

कोलचेच पाहा. 2011 च्या ड्राफ्टमधली (संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पहिली निवड, पायरेट्सनेच घडवलेला. 2017 मध्ये त्याचा ईआरए 4.26 झाला आणि त्याने 31 होमरन दिले. जानेवारी 2018 मध्ये तो ह्यूस्टनला गेला, तिथे सिंकर जवळपास बंद झाला, फोर-सीम वर जाऊ लागला, जोडीला कर्व्ह आणि स्लायडर हे वळणारे चेंडू वाढले. 2018 मध्ये 276 स्ट्राइकआउट, 2019 मध्ये 326. हात तोच, खांदा तोच. टायलर ग्लास्नोचेही असेच. जुलै 2018 मध्ये पायरेट्सनी क्रिस आर्चरच्या बदल्यात ग्लास्नो आणि ऑस्टिन मेडोज यांना टँपा बेला दिले, नंतर त्याच सौद्यात शेन बाझही गेला. सहा फूट आठ इंचांच्या ग्लास्नोला टँपाने सांगितले की कडेचा विचार सोड, कॅचर मधोमध बसेल, तू तिथे जोरात टाक. तुझा चेंडू इतका वेगवान आणि वळणारा आहे की मध्य साधायला गेलास तरी तो आपोआप कडेला पोहोचेल. 2019 मध्ये 12 सामन्यांत त्याचा ईआरए 1.78 होता. त्याच वर्षी पायरेट्स 93 सामने हरले आणि व्यवस्थापक क्लिंट हर्डल, सेरेज व सरव्यवस्थापक नील हंटिंग्टन या तिघांनाही जावे लागले. मला या तिघांबद्दल मनापासून आदर आहे, कारण 2013 मध्ये त्यांनी जे केले, ते करण्याचे धाडस फार थोड्यांत होते. पण त्या यशातून बनलेले सूत्र त्यांनी वेळेवर सोडले नाही.

यावरून कोणी ‘फोर-सीम चांगला, सिंकर वाईट’ असा निष्कर्ष काढू नये. क्लीव्हलँडच्या कोरी क्लूबरचे अगदी उलट झाले. 2010 मध्ये सॅन डिएगोकडून अदलाबदलीत आलेला हा पिचर मायनर लीगमध्ये अडकून पडला होता, त्याच्या फोर-सीमला मार बसत होता. कोलंबसच्या ट्रिपल-ए (मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीच्या) संघात असताना 2012 मध्ये त्याने तो बाजूला ठेवून सिंकर धरला, आणि 2014 व 2017 अशी दोनदा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचे) पारितोषिक मिळवले. क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांना हे सहज पटेल: ज्याच्या मनगटाची ठेवण आउटस्विंगरची आहे, त्याला यॉर्करच टाकत राहा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. कोणत्या हातातून कोणता चेंडू स्वाभाविकपणे निघतो, हे आधी मोजावे लागते.

हे मोजणे प्रत्यक्षात कसे चालते, ते सांगतो. सरावाच्या माउंडवर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) पिचरच्या मागे रडारसारखे ट्रॅकिंग यंत्र असते आणि बाजूला हाय-स्पीड कॅमेरा, ज्यात बोटे चेंडू सोडतानाचा क्षण अगदी संथ दिसतो. समजा एका तरुणाचा स्लायडर बाजूला वळण्याऐवजी नुसताच घसरतो आहे. चित्रात दिसते की सोडताना मधले बोट शिवणीवरून आधीच निसटते, त्यामुळे गिरकीचा अक्ष चुकतो. त्याला मनगट वळवू नकोस, फक्त चेंडू हातात थोडा फिरवून शिवण मधल्या बोटाच्या आतल्या कडेला लाव, असे सांगितले जाते. तो पाच चेंडू टाकतो, प्रत्येकानंतर पडद्यावर वळण किती इंच आले ते पाहतो, आणि सहाव्याला कॅचर हातमोजा हलवूनही चेंडू पकडू शकत नाही. इथे यंत्राचे काम संपते आणि प्रशिक्षकाचे सुरू होते. ‘अक्ष इतका अंश’ ही भाषा पिचरला माउंडवर उपयोगी नसते. त्याला ‘दरवाजाची मूठ फिरवल्यासारखे नको, अमेरिकी फुटबॉल फेकल्यासारखे सोड’ असे काहीतरी लागते, आणि प्रत्येकाला लागणारे वाक्य वेगळे असते. ज्याला आकडेही वाचता येतात आणि असे वाक्यही सापडते, असा माणूस मध्यम दर्जाच्या एका रिलीव्हरच्या (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरच्या) पगारात मिळतो. मला एखाद्या छोट्या संघाचे अंदाजपत्रक करायला दिले, तर पहिला पैसा मी अशा माणसांवर खर्च करीन, आणि त्यांना वरच्या संघात न ठेवता मायनर लीगच्या प्रत्येक पातळीवर नेमीन.

ड्राफ्टच्या बाबतीत क्लीव्हलँडचा मार्ग अनुकरणीय आहे. कॉलेजमधले असे पिचर त्यांनी हेरले, ज्यांना स्ट्राइक टाकता येतात, शरीराच्या हालचाली पुन्हापुन्हा तशाच करता येतात, पण वेग कमी म्हणून जे पहिल्या फेरीत जात नाहीत. वेग वाढवता येतो. ताकद, वजन आणि पायांचा योग्य वापर यांतून दोन-तीन वर्षांत ताशी काही मैल मिळतात. नियंत्रण नव्याने शिकवणे त्याहून कितीतरी कठीण. शेन बीबर 2016 मध्ये चौथ्या फेरीत निवडला गेला आणि 2020 मध्ये 1.63 च्या ईआरएने एकमताने साय यंग जिंकला. 2021 मध्ये तर क्लीव्हलँडने 21 पैकी 19 निवडी पिचरांवर खर्च केल्या. सगळेच यशस्वी होत नाहीत, हे गृहीत धरूनच हा आकडा ठरवलेला असतो.

नुसता हात वेगवान म्हणून पिचर होत नाही, याचे एक उदाहरण भारताशी जोडलेले आहे. 2008 मध्ये पायरेट्सनी भारतातल्या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंशी करार केला. व्यावसायिक अमेरिकी बेसबॉलच्या करारावर सही करणारे ते पहिले भारतीय होते. दोघांनी खूप मेहनत केली, पण मेजर लीगपर्यंत ते पोहोचले नाहीत. बारा-पंधरा वर्षांच्या वयापासून बॅटरला वाचत आलेल्या मुलांशी त्यांची स्पर्धा होती.

टँपा बेकडून शिकण्याची गोष्ट वेगळी आहे: इनिंगची वाटणी. 19 मे 2018 रोजी त्यांनी सर्जिओ रोमो या रिलीव्हरला पहिली इनिंग दिली, त्याने एंजल्सचे तिन्ही बॅटर स्ट्राइकआउट केले, आणि मग नेहमीचा पिचर आला. कारण सरळ आहे. एकाच सामन्यात तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर पिचरला चांगलाच ओळखू लागलेला असतो. मधल्या इनिंग टाकणाऱ्या रायन यार्ब्रोने त्या मोसमात केवळ सहा सामने सुरू केले, तरी 16 विजय त्याच्या नावावर लागले. ज्या संघाकडे तीनच खरे स्टार्टर आहेत, त्याने चौथा आणि पाचवा ओढूनताणून उभा करण्याऐवजी त्या दिवशीचे काम तिघांत वाटावे. मात्र सामन्याच्या संघात 26 पैकी 13 च पिचर ठेवता येतात आणि 2022 पासून एकाच खेळाडूला मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा खाली मायनर लीगमध्ये पाठवता येत नाही, त्यामुळे दररोज नवे ताजे हात आणण्याची जुनी सोय आता तेवढी राहिलेली नाही. दोन-तीन इनिंग टाकू शकणारे रिलीव्हर त्यामुळे पूर्वीपेक्षा मोलाचे झाले आहेत.

दुखापतींबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वेग आणि गिरकी वाढवण्याच्या मागे लागलो की कोपराच्या आतल्या स्नायुबंधावर ताण वाढतो. मेजर लीगने स्वतःच डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे कारण मांडले आहे. 2023 मध्ये टँपाच्या जेफ्री स्प्रिंग्ज, ड्रू रासमुसेन आणि शेन मॅक्लानहन या तिघांच्याही कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षी संघाने तरीही 99 सामने जिंकले, कारण सहावा ते बारावा पिचर त्यांच्याकडे खरोखर तयार होता. टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर (कोपरातला तोच स्नायुबंध नव्याने बसवल्यावर) परतायला वर्ष ते दीड वर्ष लागते. त्यामुळे एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकायला लावणे मला मान्य नाही, मग आकडे कितीही सुंदर दिसोत. ज्या मुलाला स्वतःच्या जोराच्या नव्वद टक्क्यांवर बाद करता येते, त्याला तसेच राहू द्यावे.

विकण्याची वेळ हा चाहत्यांना न आवडणारा विषय आहे, पण छोट्या संघाला तो टाळता येत नाही. टँपाने ब्लेक स्नेलला 2020 ची वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम मालिका) संपल्यावर लगेच सॅन डिएगोला दिले, ताब्याची तीन वर्षे शिल्लक असताना. पायरेट्सनी कोलला दोन वर्षे शिल्लक असताना आणि त्याची किंमत घसरल्यावर दिले. माझ्या मते दोन ते तीन वर्षे शिल्लक आणि पिचर भरात, ही वेळ योग्य. पण समोरच्या संघाला त्याच्यात काय दिसते आहे, हे आपल्याला आधी दिसले पाहिजे, नाहीतर आपण कोल देतो आणि त्याचे खरे मोल त्यांना मिळते.

आता पिट्सबर्गच्या सद्यःस्थितीविषयी. पॉल स्कीन्स ही 2023 च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीच्या नशिबाने मिळालेली. 2025 मध्ये 1.97 च्या ईआरएने त्याने साय यंग जिंकले. त्याच मोसमात त्याच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव आहेत, आणि संघ 91 सामने हरला. एक असामान्य पिचर मिळाल्याने धावा न करणाऱ्या संघाचे नशीब बदलत नाही. मला स्कीन्सपेक्षा मिच केलर अधिक आशादायक वाटतो. 2021 मध्ये 6.17 च्या ईआरएवर असलेल्या या पिचरने नवे चेंडू आत्मसात केले, 2023 मध्ये लीगच्या निवडक खेळाडूंत, म्हणजे ऑल-स्टारमध्ये गेला आणि 2024 मध्ये त्याने पाच वर्षांसाठी 7 कोटी 70 लाख डॉलरचा करार केला. 2013 चे सूत्र मात्र जसेच्या तसे परत आणता येणार नाही: 2023 पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर ठेवणे सक्तीचे आहे, आणि 2026 पासून पंचाच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राद्वारे आव्हान देता येत असल्याने कॅचरच्या शांत हाताचे मोल थोडे उतरणार आहे.

काळाचे म्हणाल, तर रिलीव्हर आणि टाकून दिलेले पिचर सुधारायला एक हिवाळा आणि एक मोसम पुरतो. ड्राफ्टमधल्या कॉलेज पिचरांना साधारण दोन वर्षे लागतात. क्लीव्हलँडच्या 2021 च्या निवडीतले टॅनर बायबी आणि गॅव्हिन विल्यम्स 2023 मध्ये वरच्या संघात आले. शाळेतून घेतलेल्या मुलांना चार ते पाच वर्षे द्यावी लागतात. म्हणून आज सुरुवात करणाऱ्या संघाने पहिल्या दोन मोसमांत विजयांचा आकडा पाहू नये. डबल-ए (ट्रिपल-एच्या एक पायरी खालच्या) संघातल्या किती पिचरांचा एखादा चेंडू वर्षभरात मोजण्याइतका सुधारला आणि त्यांतले किती जण पूर्ण मोसम दुखापतीविना खेळले, हे दोन आकडे पाहावेत. तिसऱ्या मोसमात वरच्या संघाचा ईआरए खाली आला नाही, तर पिचर बदलण्याआधी शिकवणारे बदलावेत.